थायरॉइडपासून ॲड्रिनलपर्यंत: हार्मोनच्या ग्रंथींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यात रोज कानावर पडणारे प्रश्न इथे आहेत, शक्यतो पेशंटच्याच शब्दांत. थायरॉइडबद्दल जास्त लिहिलं आहे, कारण विचारणारे जास्त. उत्तरं वाचून स्वतःचा डोस स्वतः बदलू नका. मात्र तुम्ही आधीपासून काय काय घेताय, गोळ्या, पावडरी, पुड्या, मलमं, त्याची यादी जरूर करा. हार्मोनचे निम्मे गोंधळ त्या यादीतच सापडतात, असं माझं मत बनत चाललं आहे.

हार्मोनच्या ग्रंथी म्हणजे नेमक्या कोणत्या?

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी (पीयूषिका), गळ्यात थायरॉइड (अवटू), तिच्या पाठीला चिकटलेल्या बहुधा चार पॅराथायरॉइड, दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक ॲड्रिनल (अधिवृक्क), पोटात स्वादुपिंड, शिवाय स्त्रियांत अंडाशय आणि पुरुषांत वृषण. या सगळ्या आपला स्राव थेट रक्तात सोडतात. स्राव कमी पडतो, जास्त होतो किंवा ग्रंथीत गाठ होते. बहुतेक आजार या तीन प्रकारांत बसतात. स्वादुपिंडाचा मधुमेह यांत सर्वांत मोठा, पण त्याच्यासाठी वेगळं पान लागेल. इथे तो जाता जाता येईल तेवढाच.

वजन वाढतंय, दिवसभर थकवा असतो. थायरॉइडच असणार ना?

असेलही. थायरॉइड कमी पडली की थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, पाळीत अंगावरून जास्त जातं, आवाज घोगरा होतो, नाडी मंदावते. पण यातली बरीच लक्षणं रक्त कमी असलं, झोप अपुरी पडली किंवा मन उदास असलं तरी दिसतात. म्हणून नुसत्या लक्षणांवर निदान होत नाही, रक्तात टीएसएच आणि फ्री टी४ (थायरॉइडचा स्वतःचा स्राव, थायरॉक्सिन) बघावं लागतं.

वजनाचं मात्र स्पष्ट सांगतो. थायरॉइड कमी पडल्यामुळे वाढणारं वजन सहसा २ ते ५ किलोंच्या आसपास असतं आणि त्यात बराच भाग साठलेल्या पाण्याचा असतो. १५–२० किलो वाढले असतील तर दोष एकट्या थायरॉइडच्या माथी मारता येणार नाही. गोळीने रिपोर्ट सुधारला तरी वजन जिथल्या तिथे राहिलं, ही तक्रार येते ती यामुळेच. आणि वजन उतरवण्यासाठी थायरॉइडची गोळी वाढवून घेणं हा धोकादायक प्रकार आहे. त्यात चरबीबरोबर स्नायू झडतात आणि हृदयाची लय बिघडू शकते.

टीएसएच ६.८ आलंय. लॅबने ठळक अक्षरात छापलंय. गोळी सुरू करायची का?

टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होत नाही, ते पिट्युटरी सोडते. थायरॉइड ढिली पडली की पिट्युटरी तिला जास्त जोराने हाका मारते, आणि रिपोर्टमधला वाढलेला आकडा म्हणजे त्या हाका. बहुतेक लॅबमध्ये नॉर्मल मर्यादा साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी छापलेली असते.

टीएसएच १० च्या वर आणि तेही पुन्हा तपासल्यावर तसंच राहिलं, तर बहुधा गोळी लागते. ४.५ ते १० च्या मध्ये असेल आणि फ्री टी४ नॉर्मल असेल, तर घाई नको. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सोबत अँटी-टीपीओ अँटिबॉडीही (प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटली आहे का, ते सांगणारी तपासणी) करून घ्या. मोठ्या तापातून उठल्यावर टीएसएच काही आठवडे चढलेलं राहतं आणि मग आपोआप उतरतं. वयाप्रमाणे ते थोडं वाढतंच. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांचं टीएसएच ६ असेल आणि ते ठणठणीत असतील, तर गोळीने त्यांचं भलं होत नाही. उलट डोस थोडा जास्त झाला तर हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि हाडं ठिसूळ होणं, दोन्ही ओढवून घ्यायचं. तरुण बाईला दिवस जायचे असतील, तर तोच ६ चा आकडा वेगळ्या नजरेने पाहिला जातो.

अजून एक खोड. केसांसाठी बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घरोघरी आहेत. बायोटिन लॅबच्या मशीनलाच फसवतं: टीएसएच खोटं कमी दिसतं, टी४ खोटं जास्त दिसतं, आणि धडधाकट माणसाच्या हाती ‘थायरॉइड जास्त’ असा रिपोर्ट पडतो. तपासणीआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि लॅबला सांगा.

गोळी आयुष्यभर घ्यावी लागते म्हणतात. तिची सवय लागते का?

सवय लागत नाही. आयोडीनची कमतरता नसेल तिथे थायरॉइड कमी पडण्याचं सर्वांत नेहमीचं कारण म्हणजे हाशिमोटोचा आजार. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीला पोखरते. जी ग्रंथी झिजली तिचा स्राव बाहेरून भरून काढायचा, एवढंच गोळी करते. गोळीतलं लिव्होथायरॉक्सिन हा तोच टी४ आहे. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला टोचला. उपचार चालू ठेवून ती पुढे २८ वर्षं जगली. त्याआधी या आजारावर काही इलाजच नव्हता.

सगळ्यांनाच मात्र ती जन्मभर लागत नाही. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी बिघडलेली थायरॉइड पुष्कळदा वर्षभरात पूर्ववत होते. ‘माझी गोळी कशासाठी सुरू झाली?’ हे विचारून ठेवा. उत्तर कुणालाच आठवत नसेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती कमी करून बघता येते.

गोळी कशी घ्यायची? चहा, उपवास, विसरणं यांचं काय?

सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. मराठी घरात खरी अडचण हीच. दूध घातलेला चहा लगेच प्यायला की गोळी पूर्ण शोषली जात नाही. ज्यांना चहावाचून डोळे उघडत नाहीत त्यांनी रात्री झोपताना घ्यावी, जेवून तीन तास झाल्यावर. दोन्हींपैकी एक वेळ धरा आणि ती पाळा. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांमध्ये चार तासांचं अंतर हवंच. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळीनेही शोषण कमी होतं. ती नव्याने सुरू झाली असेल तर टीएसएच पुन्हा तपासा.

उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. निर्जळी असेल आणि घोटभर पाणीही चालत नसेल, तर एक दिवस चुकल्याने काही बिघडत नाही. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. रोजे ठेवणाऱ्यांना झोपतानाची वेळ सोयीची पडते. विसरलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडीला घेतली तरी चालते, पण हृदयविकार असलेल्यांनी विचारल्याशिवाय दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. सात दिवसांच्या त्याच हिशोबामुळे डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत टीएसएच तपासण्यात अर्थ नसतो. तपासणीच्या दिवशी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

बाटली गॅसच्या ओट्यावरच्या फळीवर ठेवू नका. उष्णता आणि दमट हवा तिला मानवत नाही.

कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करायचं का? आणि सैंधव मीठ चांगलं ना?

शिजवलेली कोबी-फ्लॉवरची भाजी खुशाल खा. कच्च्या कोबीचा ज्यूस रोज लोटाभर पिणारा अजून मला भेटायचाय. सोयाबीन गोळीच्या शोषणात अडथळा आणतं, म्हणून वेळ वेगळी ठेवा, बाकी बंदी नाही.

मिठाचं प्रकरण जरा गंभीर आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघर होता. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या काही भागांत आयोडीनयुक्त मीठ पुरवलं आणि गलगंडाचं प्रमाण खाली आलं. त्याच्या आधारावर १९६२ मध्ये देशात गलगंड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. मीठ आपल्या घरी पोचेपर्यंत त्यात किमान १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) आयोडीन शिल्लक असावं, असा नियम आहे. सैंधव किंवा हल्लीचं फॅशनेबल गुलाबी मीठ यांत वरून घातलेलं नसेल तर आयोडीन नगण्यच असतं. एकादशीला, नवरात्रात सैंधव वापरा, त्याने काही होत नाही. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असताना वर्षभर तेच वापरणं ही चूक आहे. दुसऱ्या टोकाला जाऊन समुद्री शेवाळाच्या आयोडीन गोळ्याही नकोत, जास्त आयोडीनही थायरॉइड बिघडवतं.

थायरॉइड आहे आणि दिवस गेलेत. आता?

चाचणी पॉझिटिव्ह आली त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. आधीपासून गोळी घेणाऱ्या बहुतेकींना डोस २५ ते ३० टक्के वाढवावा लागतो, आणि तो पहिल्या महिन्यांतच. सुरुवातीचे जवळपास तीन महिने बाळाच्या मेंदूला लागणारं थायरॉक्सिन आईकडूनच मिळतं. गडबड नेमकी इथे होते: गरोदरपणात लोह आणि कॅल्शियम सुरू होतं आणि सोयीसाठी सगळ्या गोळ्या सकाळी एकत्र घेतल्या जातात. थायरॉइडची एकटीच पहाटे घ्या, बाकीच्या दुपारी आणि रात्री. बाळंतपणानंतर डोस पुन्हा पहिल्यावर येतो.

बाळाची टाचेतून रक्त घेऊन टीएसएच चाचणी झाली का, हे डिस्चार्जआधी विचारा. ती सगळीकडे आपोआप होत नाही. जन्मतः थायरॉइड नसलेलं बाळही पहिले काही आठवडे गोंडस आणि अगदी नेहमीसारखं दिसतं. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं. उशीर झाला तर बुद्धीची हानी भरून निघत नाही.

माझी थायरॉइड ‘जास्त’ आहे म्हणतात. वजन उतरतंय, हात थरथरतात.

भूक चांगली असून वजन उतरणं, धडधड, घाम, उकाडा न सोसणं, वारंवार शौचाला जावं लागणं, चिडचिड ही त्याची लक्षणं. डोळे बटबटीत झाले असतील तर बहुधा ग्रेव्हज आजार, म्हणजे प्रतिकारशक्तीच ग्रंथीला जास्त स्राव करायला लावते. उपचाराआधी एक भेद करावाच लागतो: ग्रंथी खरोखर जास्त स्राव तयार करतेय, की सूज आल्यामुळे आधी साठलेला स्राव रक्तात सांडतोय? दुसऱ्या प्रकारात गळा दुखतो किंवा नुकतंच बाळंतपण झालेलं असतं. ती सूज आपणहून ओसरते आणि तिथे स्राव तयार होणं रोखणारं कार्बिमाझोल देऊन उपयोग नसतो, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल पुरतं. ओळखण्यासाठी स्कॅन किंवा अँटिबॉडी तपासणी करतात.

ग्रेव्हजमध्ये कार्बिमाझोल साधारण १२ ते १८ महिने चालतं. त्या काळात ताप आणि घसा दुखणं एकत्र आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. क्वचित का होईना, या औषधाने पांढऱ्या पेशी एकदम कोसळतात आणि साधा वाटणारा घसा जिवावर बेततो. गर्भधारणेचा विचार असेल तर आधी बोला, पहिल्या तीन महिन्यांत सहसा दुसरं औषध देतात.

गोळ्यांनी भागलं नाही तर किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया. आयोडीन-१३१ हे नाव ऐकूनच लोक घाबरतात, पण प्रत्यक्षात ते तोंडावाटे घ्यायचं औषध आहे आणि मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये ते कित्येक दशकं दिलं जातंय. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ते चालत नाही. डोळ्यांचा त्रास जोरात असेल तरी विचार करून देतात. आणि ग्रेव्हज असलेल्याने सिगारेट सोडलीच पाहिजे, तिने डोळे आणखी बिघडतात.

गळ्यात गाठ आहे. कॅन्सर असेल का?

बहुतेक गाठी साध्याच निघतात. सोनोग्राफी, टीएसएच आणि गरज पडली तर सुईने तपासणी. गाठ झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळायला अडकत असेल तर थांबू नका.

सांधेदुखीच्या पुडीने आईचे गुडघे दोन दिवसांत थांबले. ती घेत राहावी का?

दोन दिवसांत थांबले, हीच शंकेची जागा. अशा बिननावाच्या पुड्यांत आणि ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं. दुखणं पळतं, भूक लागते, चेहरा भरतो. शेजारीपाजारी म्हणतात, तब्येत सुधारली. काही महिन्यांनी चेहरा गोल गरगरीत, पोट पुढे आणि हातपाय काटकुळे, पोटावर जांभळट पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, साखर आणि बीपी वर, आणि खाली बसताना मणका दबतो. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. ॲड्रिनल किंवा पिट्युटरीतल्या गाठीमुळेही तो होतो, पण तसे पेशंट थोडे. बाहेरून आलेल्या स्टेरॉइडचे कितीतरी जास्त.

खरा धोका पुढेच आहे. बाहेरून भरपूर माल येतोय म्हटल्यावर ॲड्रिनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीराचं नैसर्गिक स्टेरॉइड) करायचं थांबवते. मग मुलाला हे कळतं, तो रागाने पुडी नाल्यात फेकतो, आणि चार दिवसांत आईला उलट्या, ग्लानी, बीपी खाली, सोडियम खाली. जीव जाऊ शकतो. म्हणून पुडी फेकू नका, ती डॉक्टरांकडे घेऊन जा. ते मोजूनमापून हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन देतात, हळूहळू उतरवतात आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासून ग्रंथी जागी झाली का ते बघतात. याला महिनोन्‌महिने लागू शकतात. तोवर मोठा ताप आला तर डोस दुप्पट करायचा असतो आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शनसाठी दवाखाना गाठायचा असतो. तशी चिठ्ठी पाकिटात ठेवा.

गोरं करणाऱ्या क्रीमचीही हीच जात. त्यांतली स्टेरॉइडं २०१८ मध्ये चिठ्ठीवरच विकायच्या यादीत टाकली गेली, तरी दुकानात सहज मिळतात. हे वाचून दम्याचा पंप मात्र कुणी बंद करू नये. त्यातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो फुप्फुसांपुरता काम करतो.

आणि ॲड्रिनल स्वतःहून कमी पडली तर?

तो ॲडिसनचा आजार. वजन उतरतं, उभं राहिल्यावर चक्कर येते, खारट खावंसं वाटतं, आणि हिरड्या, तळहाताच्या रेषा, जुने व्रण काळपट होतात. आपल्याकडे टीबी हे त्याचं एक महत्त्वाचं कारण अजूनही आहे. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन शरीरातलं कॉर्टिसॉल लवकर संपवतं. त्यामुळे टीबीचा उपचार सुरू होताच पेशंट आणखी ढासळला, तर ॲड्रिनलची आठवण व्हायला हवी.

मूल नाही, गरोदर नाही, तरी छातीतून दूध येतं. प्रोलॅक्टिन ८० आहे. मेंदूचा एमआरआय सांगितलाय.

प्रोलॅक्टिन म्हणजे पिट्युटरीचं दूध आणणारं हार्मोन. एमआरआयच्या आधी औषधांचा डबा उघडा. ॲसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलांत डोम्पेरिडोन किंवा लिव्होसल्पिराइड जोडीला असतं, आणि दोन्ही प्रोलॅक्टिन चढवतात. मानसिक आजाराच्या काही गोळ्याही चढवतात, पण त्या स्वतः बंद करू नका. गरोदरपण नाही याची चाचणीने खात्री करा, टीएसएच तपासा, आणि औषध थांबवता येण्यासारखं असेल तर थांबवून तीन-चार दिवसांनी पुन्हा प्रोलॅक्टिन करा. तरीही जास्त असेल तर एमआरआय योग्यच. पिट्युटरीत गाठ निघाली तरी घाबरू नका, ही बहुतेक वेळा कॅबर्गोलिनच्या आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळीने आकसते, ऑपरेशन लागत नाही. पुरुष मात्र उशिरा येतात, डोकेदुखी आणि बाजूचं दिसेनासं झाल्यावर. त्याआधी बरीच वर्षं कामेच्छा कमी झालेली असते, ती कुणी सांगत नाही.

पिट्युटरीचा आणखी एक आजार सहज निसटतो. बाळंतपणात खूप रक्त गेलं, दूध आलंच नाही, पाळी परतली नाही, आणि बाई कित्येक वर्षं ‘अशक्त’ म्हणून घरात पडून आहे. हा शीहान सिंड्रोम, रक्तस्रावात पिट्युटरीच निकामी झालेली असते. इथे टीएसएच नॉर्मल दिसू शकतं, म्हणून फ्री टी४ पाहावं लागतं. उपचारात स्टेरॉइड आधी आणि थायरॉइडची गोळी नंतर, हा क्रम उलटला तर पेशंट अत्यवस्थ होतो.

मुलीला पीसीओडी आहे. लग्न झालं की बरं होतं म्हणतात?

लग्नाने पाळी सुरळीत होत नाही. पाळी अनियमित, पुरुषी हार्मोनची लक्षणं (हनुवटीवर केस, चिवट मुरमं) आणि सोनोग्राफीत बऱ्याच बारीक पिशव्या दिसणारं अंडाशय, यांतल्या दोन गोष्टी असतील आणि दुसरं कारण नसेल तर निदान होतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या सोनोग्राफीत तशा पिशव्या दिसणं नैसर्गिक असतं, त्यावरून तिला शिक्का मारू नका. मान काळी पडली असेल तर ती घासून जाणार नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण आहे, साखर तपासा.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरल्यावर अनेकींची पाळी मार्गी लागते. बाकी पाळीच्या हार्मोनच्या गोळ्या, मेटफॉर्मिन, आणि दिवस राहायला मदत म्हणून लेट्रोझोल, ज्याची जशी गरज. तीन महिन्यांहून जास्त पाळी लांबत असेल तर ती आणावीच लागते, कारण गर्भाशयाचं अस्तर साचत राहणं चांगलं नाही.

मुतखडा पुन्हा पुन्हा होतो. याचा ग्रंथींशी काय संबंध?

रक्तातलं कॅल्शियम तपासलं का? ते जास्त असेल तर पीटीएच (पॅराथायरॉइडचं हार्मोन) करा. एखादी पॅराथायरॉइड वाढून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत असेल, तर ती काढून टाकल्यावर आजार बहुधा कायमचा मिटतो.

कॅल्शियम वाढण्याचं दुसरं कारण पुन्हा डब्यातलंच: ड जीवनसत्त्व. ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठी नीट न वाचल्याने ती रोज घेणारे आहेत. काही ठिकाणी ६ लाख युनिटची इंजेक्शनं गुडघेदुखीवर एकामागून एक टोचली जातात. मग मळमळ, बद्धकोष्ठता, बरळणं, आणि मूत्रपिंडाला इजा.

तिशीतच बीपी, तीन गोळ्यांनीही उतरत नाही.

पोटॅशियम बघा, आणि अल्डोस्टेरॉन-रेनिनची (मीठ-पाणी आणि बीपी सांभाळणाऱ्या हार्मोनची) तपासणी विचारा. ॲड्रिनलमधली लहानशी गाठ हे कारण असू शकतं.

मुलगा वर्गात सर्वांत बुटका आहे. उंचीची पावडर देऊ का?

पावडरने उंची वाढत नाही. दर सहा महिन्यांनी भिंतीला टाच लावून उंची लिहून ठेवा. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ सेंमी वाढतं. ४ च्या खाली असेल तर दाखवा. आईवडीलच ठेंगणे असणं किंवा उशिरा वयात येणं ही नेहमीची कारणं. तपासणीत थायरॉइड, गव्हाची ॲलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलियाक आजार, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम (एक एक्स गुणसूत्र कमी असणं), आणि डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय बघतात. ग्रोथ हार्मोन खरोखर कमी असेल तर इंजेक्शनं मिळतात, महाग असतात आणि बरीच वर्षं घ्यावी लागतात. हाडांची टोकं जुळली की त्यांचा उंचीसाठी उपयोग नाही. मुलींच्या बाबतीत तर पाळी सुरू झाल्यावर साधारण ५ ते ७ सेंमीच वाढ उरलेली असते, त्यामुळे ‘वयात आली की ताडमाड होईल’ म्हणून थांबू नका. आठव्या-नवव्या वर्षीच आणा.